वर्नेलबाईंच्या कॉलेजची वीट

६ सप्टेंबर, शनिवार
जर्मनीतल्या आमच्या लाउटर्नला आज ऊन. लोक बाल्कनीत बाहेर काढलेल्या गाद्यांसारखे पसरलेत.

दुपारी बेल. दारात खालच्या मजल्यावरच्या मिस वर्नेल, हातात उशीचा अभ्रा, अभ्र्यात वीट. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई वीट घेऊन दोन जिने चढते आणि धापा टाकत म्हणते, "व्ही, तू विटांची डॉक्टर ना? ही माझी पेशंट."

मी विद्यापीठात बाउस्टॉफवाली, म्हणजे बांधकाम-साहित्यवाली, पोस्टडॉक. विटा ओल किती पितात, कशा खारवतात, थंडीत का फुटतात, दिवसभर हेच. घरी तरी वीट नको, असं अगदी मनात आलं. पण व.बाईंना नाही म्हणायची माझी काय टाप.

वीट त्यांच्या कॉलेजची. अमेरिकेच्या दक्षिणेतलं सरकारी कॉलेज, आता विद्यापीठ झालंय. काळ्या मुलामुलींसाठी काढलेलं, कारण राज्याच्या मोठ्या विद्यापीठाची दारं त्यांना बंद होती. तिथली पहिली इमारत म्हणजे जुना हॉल. ती पाडून पन्नासेक वर्षं होतील. पाडताना जुन्या विद्यार्थ्यांनी आठवण म्हणून एकेक वीट उचलून नेली. बाईंनी तर सुटीत गेल्या असताना सुटकेसमधून जर्मनीला आणली. आता कॉलेज त्याच जागी एक भिंत उभारतंय आणि सगळ्यांना म्हणतंय, आमच्या विटा परत द्या.

भिंत उघड्यावर असणार. वीट टिकेल का, ते मी सांगायचं. कापायची नाही, फोडायची नाही, भिजवायची नाही.

"वर अंगठा आहे बघ. माझ्या आजोबांचा. पहिल्या तुकडीतले होते. हॉलच्या दाराशी होती ही, घरातले सगळे 'आजोबांची वीट' म्हणून दाखवायचे."

आहे खरा. ओल्या मातीत दाबलेला, भाजून कायमचा झालेला खळगा. मी बोट घालणार तेवढ्यात बाईंनी माझा हात धरला. त्यांनी स्वतः कधी घातलेलं नाही म्हणे. आजोबांची जागा आहे ती.

११ ऑक्टो.ला कॉलेजची बाई येणार, तिला द्यायची. पाच आठवडे आहेत.

९ सप्टेंबर
वीट दिवाणखान्यातल्या फळीवर. आईंनी तिच्याखाली धुतलेला रुमाल घातलाय.

आई म्हणजे सासूबाई. ऑगस्टमध्ये आल्यात, दिवाळी करून जाणार. जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे घरात सध्या मी आणि नवरा अनि दोघंही पहिलीच्या वर्गात आहोत. इथे येऊन त्यांना कंटाळा आलाय, पण कबूल करणार नाहीत. मुलाकडे येऊन कंटाळले असं कसं म्हणायचं? अनि आठवड्यातले तीन दिवस स्टुटगार्टला, मी लॅबमध्ये, आई खिडकीत.

विटेनं मात्र त्यांना काम दिलं. "मुलांनी स्वतः भाजल्या? शिकत असताना?" हे तीनदा विचारून झालं.

हो आई. सकाळी वर्ग, दुपारी भट्टी. राज्यानं कॉलेजला दिलेली जमीन कुणालाच नको होती, नुसती चिकणमाती, त्यात मका येईना. व.बाईंच्या शब्दांत: "त्यात काही पिकत नव्हतं म्हणून आम्हाला दिली. मग आम्ही तीच भाजली आणि तिच्या आत बसून शिकलो."

हे आईंना सांगितलं. त्यांनी उठून विटेवरची धूळ पुसली.

१४ सप्टेंबर, रवि.
व.बाई चहाला. आईंना इंग्रजी वाचता येतं, बोलायला लाजतात. मी दुभाषी. घसा बसला.

आईंनी पहिल्या पाच मिनिटांत त्यांना 'बाई' म्हणायला सुरुवात केली. "अहो, शिक्षिका होत्या ना? मग बाईच." व.बाई इथल्या अमेरिकन बेसवरच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होत्या. नवरा सैन्यात, तो गेला, त्या राहिल्या. का राहिलात विचारलं तर म्हणाल्या, "ब्रेडसाठी." मला हे पटत नाही, पण असो.

कॉलेजच्या गोष्टी. रविवारी प्रार्थनेला हातमोजे घालून यायचं. वसतिगृहाच्या बाई स्कर्टची लांबी पट्टीनं मोजायच्या. आवारात कुणी कुणाला 'गुड मॉर्निंग' न म्हणता पुढे गेलं तर मागे बोलावून म्हणायला लावायचे, मग तो झाडूवाला असो की प्रिन्सिपॉल. गणिताचे सर फळ्यापाशी उभं करून सांगायचे, "अर्धं उत्तर घरी ठेवून यायचं. बाहेर तुमच्याकडून दुप्पट मागणार आहेत."

त्यांची थोरली बहीणही तिथलीच. शहरातल्या एका हॉटेलात काळ्यांना बसून खाऊ देत नसत. ही आणि मैत्रिणी जाऊन बसल्या, पुस्तकं उघडून गृहपाठ करत बसल्या. पकडून तुरुंगात टाकलं. राज्याकडून कॉलेजवर दबाव, काढून टाका या पोरींना. प्रिन्सिपॉल जाहीर म्हणाले, चौकशी करतो. आणि गुपचूप परीक्षेचे पेपर तुरुंगात पाठवले.

आई लगेच: "पर्यवेक्षक कोण होतं?"

मी हे भाषांतर करावं की नाही या विचारात. केलं. व.बाई इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. "तेच गणिताचे सर. गजांबाहेर स्टूल टाकून बसले. कॉपी करू दिली नाही!"

मी एक शहाणपणा केला. विचारलं, पण फक्त काळ्यांसाठी कॉलेज, हे तरी...? बाई शांतपणे म्हणाल्या, "व्ही, आम्ही कधी कुणाला दार लावलं नाही. दारं लावणारे दुसरे होते." आता तिथे सगळीकडची मुलं आहेत, दोन-तीन भारतीय प्राध्यापकसुद्धा. मी बिस्किट खाल्लं.

आजोबांचं नाव आयझाया. आजी क्लारा, तीही तिथेच शिकली, वर्षभर मागे. स्वयंपाक आणि शिवण. म्हातारपणी म्हणायची, "माझी पाठ त्या हॉलनं घेतली." घरातले हसायचे, स्वयंपाकघरात कसली पाठ जाते म्हणून. आजोबांची वीट म्हणजे घरातलं दैवत. आजीच्या वाट्याला पाठदुखी.

आईंनीही आपली शाळा सांगितली. दोन खोल्या, गावानं श्रमदानानं बांधलेल्या, दर शनिवारी मुलांबरोबर बाईंनीही जमीन सारवायची. व.बाईंनी 'श्रमदान' शब्द रोमन लिपीत वहीत उतरवून घेतला.

१८ सप्टें.
वीट लॅबमध्ये नेली, पाठीवरच्या सॅकमधून, बसमध्ये मांडीवर घेऊन. वजन, मापं, ध्वनिलहरींची तपासणी. टिचकी मारली तर खणखणीत वाजते. आतून भेग नाही. पाणी मात्र पटकन शोषेल, फार सच्छिद्र आहे. वरून छज्जा असेल तर आरामात टिकेल.

शेजारच्या टेबलवरचा माटियास म्हणाला, हाताची वीट आहे, अशी आता कोण करतं. मी उगाचच फुशारले, जणू मीच थापली.

बाईंना निकाल सांगितला. म्हणाल्या, कार्यक्रमापर्यंत तुझ्याकडेच ठेव, माझ्या घरी मी हजारदा हात लावीन. तेव्हाच खाली देऊन आले असते तर!

२७ सप्टें., शनिवार
होमकमिंगची तयारी. दर शरद ऋतूत जुने विद्यार्थी कॉलेजला परत जातात: मॅच, बँड, खाणं, मिठ्या. ज्यांना जाता येत नाही ते इथल्याइथे एक हॉल घेऊन करतात. आम्हालाही आमंत्रण.

व.बाई रताळ्याचा पाय (चालायचा नव्हे, ओव्हनमध्ये भाजायचा गोड पदार्थ) करणार. आई म्हणाल्या, मग मी रताळ्याच्या घाऱ्या. दोघींनी मिळून सुपरमार्केटमधली रताळी संपवली. काउंटरवरच्या मुलीला वाटलं असेल आम्ही रेस्टॉरंट काढतोय.

बाईंनी कॉलेजच्या बँडचा व्हिडिओ दाखवला. गुडघे छातीपर्यंत उचलत शंभर पोरं चालतात, ट्रम्बोन डावीकडे, उजवीकडे, एकदम वाकतात, एकदम उठतात. आई चष्मा सावरून पुढे सरकल्या. "ही तर लेझीम!" शाळेत लेझीम त्याच बसवायच्या. लगेच पाय आपोआप. चार पावलं, मग गुडघा धरून बसल्या.

आई आल्यापासून पहिल्यांदा अशा मोकळ्या हसताना पाहिल्या. बरं वाटलं. मीही काही फार प्रेमळ सून नाही, पण बरं वाटलं.

१ ऑक्टोबर, बुध., खंडेनवमी
मेले.

सहा वाजता घरी आले. फळीवर पाट, पाटावर माझा जुना लॅपटॉप, प्रेशर कुकर, अनिचा स्क्रू-ड्रायव्हरचा संच, आईंची शिवणाची कात्री. आणि मधोमध वीट. सगळ्यांना हळदकुंकू, बाल्कनीतली शेवंती, समोर गूळखोबरं.

लॅपटॉपला ठिपका कोरडा. विटेला मात्र पाण्यात कालवून, अंगठ्यानं, व्यवस्थित. नेमकं त्या खळग्यात. आजूबाजूला पाच बोटं हळदीची.

"खळगा होताच, म्हणून तिथे लावलं. मुलांनी हातानं केलेली शाळेची वीट. तिची पूजा करायची नाही तर कुणाची, कुकरची?" हे त्यांचं. वर, "आणि विटेवर कोण उभं आहे, ते मी तुला सांगायला हवं का?"

मी ओरडले. खरंच ओरडले, सासूबाईंवर, सणाच्या दिवशी. ती आपली नाही, आजोबांची जागा आहे, वीट पाणी पिते, रंग आत जातो, निघत नाही, परवा तिकडची बाई येईल! (परवा नाही, दहा दिवसांनी. रागात कॅलेंडर कोण बघतं.)

आईंचा चेहरा एवढासा झाला. पाट आवरला. गूळखोबरं तसंच.

२ ऑक्टो., दसरा
सोनं म्हणून आपट्याऐवजी लिंडनची पानं. आईंनी दिली, मी घेतली, पाया पडले, बोललो नाही.

दुपारी अक्कल चालवली. कोपऱ्यातल्या एका बोटावर ओल्या कापसानं अगदी थोडा साबण. पिवळं लालभडक झालं! अगं बाई, डॉक्टरेट ना तुझी? साबणानं हळद लाल होते, हा सातवीतला प्रयोग. आगीतून फुफाट्यात.

आई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "मी मुलांकडून हा प्रयोग करून घ्यायचे," आणि आत गेल्या. त्यातही टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

३ ऑक्टो., शुक्र.
फायरटाग, सार्वजनिक सुटी. सगळं बंद, लॅब बंद, अनि घरी.

अकराला बेल वाजली. चोराच्या मनात चांदणं, मी वीट उचलून कुकरच्या खोक्यात कोंबली. व.बाईच होत्या, पायचा नमुना घेऊन. फळीकडे बघून: "पेशंट कुठे?" मी: "लॅबमध्ये. शेवटची तपासणी." आई स्वयंपाकघरात. इंग्रजी बोलत नसल्या तरी कळतं सगळं.

पाय उत्तम झालाय. 

अनिचा सल्ला: "सांगून टाक ना." सोपं आहे त्याला. बाईंनी पन्नास वर्षं त्या खळग्यात बोट घातलं नाही, आणि आमच्याकडे महिनाभर ठेवली तर आम्ही त्यात कुंकू कालवलं. भिंतवाल्यांनी घेतलीच नाही तर? आजोबांची एकुलती एक वस्तू आहे ती. फोटोही नाही त्यांचा.

माझी योजना: हळद उन्हानं उडते. लाउटर्नमध्ये ऑक्टोबरात ऊन नाही, पण लॅबमध्ये यूव्हीचा दिवा आहे. कुंकवाचं पुढे बघू. गुपचूप.

६ ऑक्टो., सोम.
दिव्याच्या पेटीत वीट ठेवली. चालू करण्याआधी 'पूर्वीची स्थिती' म्हणून भिंगाखाली फोटो, सवयीनं.

आणि थांबले. कुंकू रेषांच्या मधल्या खाचांमध्ये बसलंय. अंगठ्याचा ठसा स्वच्छ दिसतोय, एकेक रेष. आधी नुसता खळगा होता, मातीच्या रंगात मातीचा. आता वर्तुळं, मधला भोवरा, नखाची कोरसुद्धा. पोलीस पावडर टाकतात ते हेच की.

दुसरं म्हणजे, ठसा लहान आहे. रेषा अगदी जवळजवळ. माझा अंगठा शेजारी धरला. माझाच मोठा.

दिवा लावला नाही. फार थोर विचार वगैरे नव्हता मनात, नुसती बघत बसले. माटियास म्हणाला, जेवायला येतेस का? म्हटलं, जा जा, तू हो पुढे.

७ ऑक्टो.
घरी आले तर आई घरात नाहीत! फोन घरीच. पाचावर धारण बसली. जर्मन येत नाही, गेल्या कुठे?

खाली व.बाईंच्या दारातून चहाचा वास. आत दोघी. टेबलावर आईंची कुंकवाची डबी, हळदीची पुडी, व.बाईंची वही आणि वहीत आईंनी काढलेलं विटेचं चित्र, त्यावर लाल ठिपका. खाली आईंचं ठसठशीत इंग्रजी: I DID. NOT VRUSHALI. SORRY.

अडतीस वर्षं कुणाला इंग्रजीत एक वाक्य बोलल्या नसतील. जिना उतरून, एकट्या गेल्या.

मला कुठे लपू असं झालं. सहा दिवस मी लपवत होते आणि त्यांना मात्र धड झोप नव्हती. नंतर जिन्यात म्हणाल्या, "मुलांना सांगायचे, चूक केली तर बाईंसमोर येऊन सांगायची. मग मला ते चुकतं का?"

व.बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या वीट आण. मला बघू दे." आवाजावरून काही कळलं नाही. शिक्षिका सगळ्या अशाच.

८ ऑक्टो., बुध.
आणली. टेबलावर ठेवली. आई माझ्या मागे उभ्या, हात जोडून.

बाईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी हिला ओलं फडकं लावलं नाही." राग होता. असायलाच हवा होता. मी मान खाली घातली.

मग विचारलं, हे लाल काय, कशासाठी? आईंनी सांगितलं, मी इंग्रजीत: ज्यानं आपलं पोट चालतं, ज्यानं शहाणपण येतं, त्या हत्याराला आमच्याकडे वर्षातून एकदा कुंकू लावतात. विळा, तागडी, पाटी, काय असेल ते. बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. वहीत लिहून घेतलं.

मी भिंग पुढे केलं. बाईंनी बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं.

"हे आजोबा नाहीत."

"माती आक्रसते, मिस वर्नेल. वाळताना, मग भाजताना. कधी दहावा हिस्सासुद्धा. मोठा अंगठा लहान होतो."

"व्ही, आजोबांचा अंगठा डावाएवढा होता. किती आक्रसेल?"

इतका नाही, कदाचित. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. एकदम खुर्चीत बसल्या. "माझी पाठ त्या हॉलनं घेतली," हळूच म्हणाल्या. "आजी स्वयंपाकघराबद्दल बोलतच नव्हती, विटांबद्दल बोलत होती. आम्ही हसायचो. जेवणाच्या टेबलावर, तिच्या तोंडावर हसायचो."

मी आईंना सांगितलं. आईंनी जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दोघी रडल्या, मीही. मग व.बाई डोळे पुसत म्हणाल्या, आता सगळ्यांनी पाय खायचा आहे, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

११ ऑक्टो., शनिवार
होमकमिंग! पाय दुखतायत, आवाज गेलाय, लिहायला हवंच.

शहराबाहेरचा एक हॉल. पन्नाससाठ माणसं, सगळ्यांच्या अंगावर कॉलेजचे रंग, जांभळा आणि सोनेरी. आईंनी नेमका जांभळा इरकल नेसलेला, सोनेरी काठांचा. योगायोग, पण जमलेल्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही. चौघीजणी येऊन विचारून गेल्या, कुठल्या वर्षाच्या तुम्ही?

दारात प्रत्येक जण प्रत्येकाला 'गुड आफ्टरनून'. मी एकाला चुकवलं तर एका आजोबांनी खरंच मागे बोलावलं.

कॉलेजचं गीत सुरू व्हायच्या आधी पियानोचा पहिला सूर वाजला आणि सगळ्यांत पहिल्या उभ्या राहिल्या त्या आई. प्रार्थना म्हणजे उभं राहायचं, एवढं त्यांना कळतं. शेवटची ओळ म्हणताना म्हाताऱ्या माणसांचे आवाज तरुण झाले.

घाऱ्या संपल्या. पाय उरला. व.बाईंनी ते लक्षात ठेवलंय.

मग कॉलेजच्या दप्तरखान्याची बाई, डेनीस, चाळिशीची, हातात पांढरे मोजे. वीट बघून भुवया वर. तिच्याकडे फॉर्म. एक रकाना 'नुकसान, डाग', त्याखाली 'वापराचा इतिहास'. पेन वरच्या रकान्यावर गेलं.

"पोरी," व.बाई म्हणाल्या, "खालच्या."

"मिस वर्नेल, हा ताजा डाग आहे."

"इतिहास कधीतरी ताजाच असतो. लिही: भारतातल्या एका शिक्षिकेनं या विटेचा मान केला."

डेनीस हसली. पेननं नाही, पेन्सिलनं लिहिलं, दोन्ही रकान्यांत. साफ करायची की तशीच लावायची, भिंतीत की काचेत, ते तिकडची समिती ठरवणार. मी तशीच लावावी म्हणून भांडेन, म्हणाली. पण शब्द देत नाही.

शेवटचा रकाना: 'कोणी घडवली'. भिंतीवर प्रत्येक विटेखाली हे नाव कोरणार. बाईंनी आयुष्यभर हे पाठ केलेलं उत्तर. पेन हातात घेतलं आणि थांबल्या. डेनीस अजून दोन शहरांत जाणार आहे, २५ला परत लाउटर्नवरून. तेव्हा वीट आणि फॉर्म दोन्ही नेते म्हणाली.

१५ ऑक्टो.
रेषांमधलं अंतर मोजलं, त्याच मातीचा नमुना नसल्यामुळे आक्रसणं अंदाजानं धरलं. तीन दिवस हिशोब. उत्तर: स्त्रीचा असू शकतो. लहान चणीच्या पुरुषाचाही असू शकतो. गेनाऊ (अगदी नेमकं!), म्हणजे काहीच नाही.

व.बाईंना सांगितलं. "अर्धं उत्तर," म्हणाल्या.

"विज्ञानात एवढंच मिळतं."

"गणिताच्या सरांनी तुला परत पाठवलं असतं."

आई म्हणतात, दोघांची नावं घाला. लग्नपत्रिकेत काय एकाचंच छापतात? व.बाईंना हे फार आवडलं, पण मान हलवली. अंगठा एकाचाच असतो.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
व.बाई फराळाला. चकली जर्मन प्रेत्झेलपेक्षा चांगली असं त्यांचं मत, लेखी घ्यायला हवं होतं. बाल्कनीत पणत्या. वीट पाटावर. आईंनी कुंकवाची डबी हातात घेतली, व.बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवून 'नको' केलं, मग आपलं कपाळ पुढे केलं.

दोन्ही बाजूंनी खूप हसू. अनिनं फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले.

आईंचं ४ नोव्हें.चं विमान. घर शांत होईल. महिन्यापूर्वी हे वाक्य मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

२५ ऑक्टो., शनिवार
दहाला डेनीस, लाकडी खोकं घेऊन. आम्ही सगळे खाली बाईंकडे. बाहेर रिमझिम.

वीट खोक्यात ठेवायच्या आधी बाई म्हणाल्या, एक मिनिट. बाही वर केली. आणि उजवा अंगठा हळूच त्या खळग्यात ठेवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

बसला. जराही फट नाही.

मी तोंड उघडणार होते. की यावरून काही सिद्ध होत नाही, तुम्ही दोघांचीही नात आहात, वय झाल्यावर... आईंनी माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

बाईंनी अंगठा काढला. टोकाला थोडंसं लाल लागलं होतं, ते पुसलं नाही. फॉर्म ओढला, पाठमोऱ्या होऊन 'कोणी घडवली'मध्ये लिहिलं, घडी घालून पाकिटात, पाकीट चिकटवून डेनीसच्या हातात. किती शब्द लिहिले तेही बघू दिलं नाही. समितीची बैठक नोव्हेंबरात. डेनीस पुन्हा म्हणाली, शब्द देत नाही.

ती गेल्यावर मी विचारलंच. "मिस वर्नेल, कुणाचं नाव?"

"भिंतीवर लिहिलेलं असेल, व्ही. येऊन वाच."

वर आलो. फळी रिकामी, रुमाल तसाच अंथरलेला. आईंनी तो उचलला नाही. खिडकीत जाऊन बसल्या. मग अनिला हाक मारली.

"अरे, अमेरिकेचा व्हिसा कसा काढतात?"